‘छोटा’ अणुबॉम्ब म्हणणाऱ्यांसाठी

आपल्या फौजी व्हॉट्सॲप ग्रुपांवर गेली काही वर्षं एक शब्द सर्रास फिरतो आहे: ‘छोटा अणुबॉम्ब’. सीमेवर जरा काही खुट्ट झालं की कुणीतरी लिहितं, "एक छोटासा टॅक्टिकल टाका आणि विषय संपवा." खाली अंगठे, तिरंगे, वळलेल्या मुठी. लिहिणाऱ्यांत सगळेच नवखे नसतात. ज्यांच्या हाताखाली आम्ही शिकलो असे निवृत्त सर असतात, माझे खडकवासल्याचे कोर्समेट असतात, आणि आयुष्यात एनसीसीची परेडसुद्धा न केलेले मेहुणे-साडूही असतात. टीव्हीवरच्या चर्चांचं तर बोलायलाच नको.

या शब्दाची मला चीड आहे.

आधीच सांगतो, मी अण्वस्त्रविरोधी मोर्च्यातला माणूस नाही. दोन बाजूंना दोन अण्वस्त्रधारी शेजारी असताना आपल्याकडे बॉम्ब नसावा, असं मला वाटत नाही. मे १९९८ मध्ये मी एनडीएत कॅडेट होतो. पोखरणची बातमी आली त्या रात्री आमच्या स्क्वाड्रनमध्ये जो दंगा झाला, त्यात मीही होतो आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. पण बॉम्ब बाळगणं ही एक गोष्ट आणि तोफेच्या गोळ्यासारखा तो लढाईत वापरायची भाषा करणं ही अगदी वेगळी. (सेवेत आहे, म्हणून हेही सांगून टाकतो: पुढचं सगळं उघड माहितीतलं आहे आणि मतं माझी स्वतःची.)

‘छोटा’ म्हणजे नक्की केवढा? ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर पडलेला बॉम्ब साधारण १५ किलोटनांचा होता. आजच्या मोजपट्टीवर तो लहानांतच जमा होतो. तोफखान्यातल्या मित्रांसाठी हिशेब मांडतो. १५५ मिलिमीटरच्या साध्या गोळ्यात सुमारे ७ किलो टीएनटी असतं. म्हणजे हिरोशिमाची बरोबरी करायला २१ लाखांहून जास्त गोळे एकाच क्षणी, एकाच जागी फुटायला हवेत. १ किलोटनाचा ‘पिटुकला’ घ्या, तरी १ लाख ४० हजार गोळे झाले. हा झाला नुसत्या धमाक्याचा हिशेब. गोळ्यातून गॅमा किरण निघत नाहीत.

हिरोशिमाच्या बॉम्बमध्ये सुमारे ६४ किलो युरेनियम होतं आणि त्यातल्या किलोभराचंही पुरतं विखंडन झालं नाही. त्या रचनेची आधी चाचणीसुद्धा झालेली नव्हती. १६ जुलैला न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात उडवला तो प्लुटोनियमचा, वेगळ्या जातीचा. तसाच ९ ऑगस्टला नागासाकीवर टाकला. युरेनियमवाल्याची पहिली चाचणी झाली ती थेट शहरावर. वर्षअखेरपर्यंत हिरोशिमात अंदाजे १ लाख ४० हजार आणि नागासाकीत ७० हजार माणसं गेली.

फौजी माणसाने मृतांच्या आकड्यापेक्षा दुसऱ्या एका आकड्यापाशी थांबावं. हिरोशिमातले दहापैकी नऊ डॉक्टर आणि नर्सेस त्या सकाळी मेले किंवा जखमी झाले. आपलं सगळं मनोबल ज्या भरवशावर उभं असतं तो कोणता? गोळी लागली तर नर्सिंग असिस्टंट पोचेल, तो नाही पोचला तर जोडीदार पाठीवर घेऊन आरएमओपर्यंत नेईल, पुढे हेलिकॉप्टर आहे. जिथे आरएमओ, स्ट्रेचर उचलणारे आणि जखमी एकाच क्षणी एकाच यादीत जातात, तिथे ही साखळी कुठून सुरू करायची?

मराठी वाचकांना एक गोष्ट सहसा माहीत नसते. १९४६ मध्ये ब्रिटिश राष्ट्रकुलाची जी फौज जपानमध्ये गेली, तिच्यात २६८ भारतीय ब्रिगेड होती. पुढे लष्करप्रमुख झालेले थिमय्या तिचे कमांडर होते आणि मराठा लाइट इन्फंट्रीची एक पलटणही तिच्यात होती. ही फौज उतरली कुरे बंदरात, हिरोशिमापासून वीसेक किलोमीटरवर. साताऱ्या-कोल्हापूरकडच्या कुणाच्या घरी आजोबा-पणजोबांचं जपानमधलं पत्र किंवा फोटो असेल तर जरूर कळवा. ते जपून ठेवायला हवं.

आता हा ‘टॅक्टिकल’ शब्द कुठून आला ते बघू. पन्नाशीच्या दशकात अमेरिकेला आणि नाटोला वाटलं की रशियाचे रणगाडे मोजून पुरे पडायचं नाही, मग छोटे बॉम्ब बनवू. बनवले. १९६१ मध्ये तर ‘डेव्ही क्रॉकेट’ नावाची चीज आली: जीपवर किंवा तिकाटण्यावर बसवायची तोफ, पायदळाच्या हातात दिलेली, पल्ला दोन ते चार किलोमीटर आणि पुढे अणुगोळा. दहा वर्षांत गुपचूप काढूनही घेतली. त्याआधी १९५५ मध्ये नाटोने ‘कार्त ब्लांश’ नावाचा युद्धसराव केला. तीनशेहून जास्त बॉम्ब कागदावर टाकले आणि हिशेब निघाला १७ लाख मृत, ३५ लाख जखमी. हे मृत होते जर्मन. म्हणजे ज्यांना वाचवायला ती फौज तिथे बसली होती, तेच.

पण कागदावरचं सोडा. छोट्या बॉम्बच्या लढाईचा प्रयोग खऱ्या सैनिकांवर झालेला आहे. दोन्ही बाजूंनी केला.

१९५१ ते १९५७ या काळात अमेरिकेने नेवाडाच्या वाळवंटात ‘डेझर्ट रॉक’ नावाचे सराव घेतले. खंदकात जवान बसवायचे, काही किलोमीटरवर बॉम्ब उडवायचा आणि मग स्फोटाच्या जागेकडे चाल करायला लावायची. उद्देश काय, तर अणुरणांगणात जवान घाबरत नाही हे पाहणं. ३१ ऑगस्ट १९५७ च्या ‘स्मोकी’ या ४४ किलोटनांच्या चाचणीत जे होते, त्यांच्यापैकी ३,२२४ जणांचा मागोवा पुढे डॉक्टरांनी घेतला. त्या वयाच्या तेवढ्या माणसांत रक्ताच्या कर्करोगाचे साडेतीन रुग्ण अपेक्षित होते. निघाले नऊ.

रशियनांनी तेच मोठ्या प्रमाणावर केलं. १४ सप्टेंबर १९५४, ओरेनबुर्ग प्रांतातलं तोत्स्कोये. ४० किलोटनांचा बॉम्ब विमानातून टाकला, जमिनीपासून ३५० मीटरवर फोडला आणि सुमारे ४५ हजार सैनिकांचा हल्ल्याचा-बचावाचा सराव त्याच मुलखात करवला. सरावाचे प्रमुख होते मार्शल झुकोव्ह. बर्लिन घेणारा माणूस! भाग घेणाऱ्यांकडून पंचवीस वर्षं तोंड न उघडण्याच्या सह्या घेतल्या. पुढे ज्याला आजार झाला, त्याने डॉक्टरला सांगायचं तरी काय?

निवृत्त मंडळींनो, इथे जरा थांबा. डिसॅबिलिटी पेन्शनच्या कागदावरचा ‘नाना’ शेरा तुम्हाला चांगला ठाऊक आहे: आजार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेने बळावलेलाही नाही. त्या शेऱ्यापायी कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारे किती जण आपल्या ओळखीत आहेत! आता विचार करा, तुमची पूर्ण सेवाच गुप्त आहे. अमेरिकेतल्या अणुचाचण्यांच्या सैनिकांना भरपाईचा कायदा मिळाला १९८८ मध्ये आणि काय पाहिलं ते बोलायची मोकळीक कायद्याने मिळाली १९९६ मध्ये. ब्रिटनने पहिली चाचणी १९५२ मध्ये केली; त्या चाचण्यांतल्या सैनिकांसाठी पदक जाहीर झालं २०२२ मध्ये. सत्तर वर्षं! बहुतेकांचं पदक नातवंडांनी घेतलं असेल.

हिरोशिमाच्या नागरिकांचंही तेच. अमेरिकेने तिथे जे आयोग बसवलं ते माणसं तपासायचं, नोंदी करायचं. उपचार करणं त्याच्या कामात नव्हतं. जपानने बाधितांच्या उपचाराचा कायदा केला १९५७ मध्ये. स्फोटानंतर जो काळा पाऊस पडला त्यात सापडलेल्या, पण सरकारी नकाशाच्या रेषेबाहेर राहणाऱ्या ८४ जणांना बाधित मानण्याचा निकाल हिरोशिमाच्या उच्च न्यायालयाने दिला तो जुलै २०२१ मध्ये. तेव्हा कुठे सरकारने पुढे अपील केलं नाही.

आता आपल्या मुलखाकडे या. पाकिस्तानने एप्रिल २०११ मध्ये ‘नस्र’ची चाचणी घेतली, पल्ला ६० किलोमीटर. ते कुणासाठी बनवलं आहे हे उघड आहे: आत घुसणाऱ्या आपल्या रणगाड्यांसाठी. गंमत अशी की विखुरलेल्या रणगाड्यांपुढे एक छोटा बॉम्ब फारसा चालत नाही. पोलादाच्या आतला माणूस उघड्यावरच्या शेतकऱ्यापेक्षा कितीतरी सुरक्षित असतो. म्हणून एक पुरत नाही, बरेच लागतात. ‘एकच छोटा’ हे वाक्य लष्करी हिशेबातही टिकत नाही. शिवाय ४ जानेवारी २००३ रोजी जाहीर झालेलं आपलं धोरण स्वच्छ आहे: आधी वापर नाही, पण भारतावर किंवा कुठेही असलेल्या भारतीय सैन्यावर अण्वस्त्र वापरलं, तर प्रत्युत्तर प्रचंड असेल. त्यात लहान-मोठा असा भेद नाही आणि तो निर्णय ग्रुप ॲडमिनचा नाही, निवडून आलेल्या नेतृत्वाचा आहे. या धोरणाचं बळ यातच आहे की समोरच्याला छोट्याचा स्वस्त पर्याय दिसू नये. आपलेच निवृत्त अधिकारी चॅनेलवर बसून ‘छोटा चालतो’ म्हणतात, तेव्हा ते नेमका तोच पर्याय समोरच्याला दाखवत असतात.

"अशाने जवानांचं मनोबल खचतं," असं मला एका सरांनी सुनावलं. सर, जवानाला खोटं सांगितल्याने मनोबल खचतं. उन्हाळ्यात वाळवंटात सीबीआरएनचा सूट आणि मास्क घालून एकदा कंपनीबरोबर ड्रिल करा. घामाने बूट भरतात, मास्कमधून हुकूम ऐकू येत नाही, रायफलीच्या ट्रिगरवर हातमोजा बसत नाही. आमच्या एका शिपायाने ड्रिलनंतर शांतपणे विचारलं होतं, "साहब, ये उतारेंगे कहाँ?" प्रश्न मूळ मुद्द्याचा होता. सूट उतरवायला स्वच्छ जागा आणि भरपूर पाणी लागतं.

आणि वारा. जैसलमेर-बिकानेरकडे पोस्टिंग केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की उन्हाळ्यात लू आणि आंधी पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येते. हिरोशिमाचा बॉम्ब जमिनीपासून जवळजवळ ६०० मीटरवर फुटला होता. रणगाड्यांवर टाकायचा बॉम्ब जमिनीलगत फुटला तर माती उचलतो, ती किरणोत्सारी होते आणि वाऱ्याबरोबर जाते. म्हणजे आपण पलीकडे टाकला काय किंवा त्यांनी स्वतःच्या हद्दीत आपल्यावर टाकला काय, धूळ बरीचशी इकडेच येणार. त्यातलं आयोडीन आठ दिवसांत निम्मं होतं, पण तोवर चाऱ्यातून गाईच्या दुधात उतरतं. सीझियम निम्मं व्हायला तीस वर्षं लागतात. ते वाळूत बसेल, बाजरीत बसेल आणि सीमेलगत वाहणाऱ्या इंदिरा गांधी कालव्यात पडेल. जोधपूर, बिकानेर, जैसलमेर त्याच कालव्याचं पाणी पितात आणि आमच्या तिथल्या पाण्याच्या टाक्याही त्यावरच भरतात.