ऑल सीझन नावाची फसवणूक

मंडळी, इथे ओंटारियोत थंडीची चाहूल लागली की देशी पार्ट्यांमध्ये एक वाद हमखास रंगतो. विंटर टायर घ्यायचे की नाही? "ऑल सीझन आहेत की गाडीला, सगळे ऋतू आले त्यात" असं म्हणणारा एक तरी महाभाग भेटतोच. माझं मत विचाराल तर (आणि नाही विचारलंत तरी देणारच, ब्लॉग माझा आहे!) हे नावच मुळात फसवं आहे.

तापमान साधारण ७ अंशांच्या खाली गेलं की ऑल सीझन टायरचं रबर कडक व्हायला लागतं आणि रस्त्यावरची पकड कमी होते. विंटर टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं. म्हणजे प्रश्न फक्त बर्फाचा नाही, थंडीचा आहे. टायर घेताना त्याच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह बघून घ्या. आणि घ्यायचे तर चारही, दोन नाहीत.

दुसरा मुद्दा ठरलेला: "आमची ऑल व्हील ड्राइव्ह आहे!" अहो, ती गाडी जागची हलायला मदत करते, थांबायला नाही. ब्रेक साध्या गाडीलाही चारही चाकांना असतात. लाल दिव्यापाशी बर्फावरून घसरत जाताना सगळे सारखेच.

शेजारच्या क्वेबेकमध्ये २००८ पासून कायदाच आहे. आता १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे. आमच्याकडे बहुतेक ठिकाणी सक्ती नाही, पण २०१६ पासून विमा कंपन्यांना त्यासाठी सवलत द्यावी लागते. आणि एक जोड धावत असते तेव्हा दुसरी आराम करत असते, त्यामुळे खर्च वाटतो तेवढा वाया जात नाही.

बाकीची तयारी फार नाही. बॅटरी जुनी असेल तर आधीच तपासून घ्या. थंडीत तिचा जोर कमी होतो आणि नेमकं तेव्हाच इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. काच धुण्याचं पाणी उणे ४० ला न गोठणारं भरा. टायरमधली हवा बघत राहा, थंडीत ती उतरते. डिकीत फावडं, ब्लँकेट आणि टॉर्च ठेवा. बर्फात अडकलात आणि हीटरसाठी इंजिन चालू ठेवायचं असेल, तर आधी सायलेन्सरच्या तोंडाशी साचलेला बर्फ काढा. नाहीतर विषारी वायू आत येतो, आणि त्याला वासही नसतो.

मला खरी काळजी वाटते ती सप्टेंबरात शिकायला येणाऱ्या मुलांची. चौघांत मिळून जुनी गाडी घेतात, फी आणि भाड्यात खिसा रिकामा झालेला असतो, आणि मग काटकसर नेमकी टायरवर होते. माझं म्हणणं, गाडी हजार डॉलरने स्वस्त घ्या, पण टायर घ्या. दसऱ्याला गाडीला हार घालतोच ना आपण? त्याच आठवड्यात टायरची अपॉइंटमेंट घेऊन टाकायची. पहिला बर्फ पडल्यावर गॅरेजबाहेर ही रांग लागते.

आणि तिकडच्या काका-मावश्यांनो, फोनवर "स्वेटर घातलास का रे?" विचाराल, तेव्हा "टायर बदललेस का?" हेही विचारत जा. तुमचं ऐकतात ती!