तहाची आतषबाजी, कागदावरची

दसऱ्याला विट्यात रेवणसिद्धाच्या पालख्यांची शर्यत लागते आणि तासगाव तालुक्यातल्या कवठे एकंदला सिद्धराजाच्या पालखीपुढे रात्रभर शोभेची दारू उडते. सीमोल्लंघन हा एकेकाळी मोहिमेवर निघण्याचा मुहूर्त. मोहिमा संपल्या, दारू देवापुढे राहिली. युरोपातल्या राजांनी हीच दारू तह साजरा करायला वापरली आणि त्या सोहळ्यांची छापचित्रे निघून विकली गेली.

त्यातले गाजलेले उदाहरण लंडनचे. ऑस्ट्रियाचे वारसायुद्ध संपवणाऱ्या 1748 च्या एक्स-ला-शापेलच्या तहासाठी 27 एप्रिल 1749 रोजी ग्रीन पार्कमध्ये 114 फूट उंच लाकडी देवालय उभारले होते. संगीतकार हँडेलने संगीत रचले. देवालयावर राजा ब्रिटानियाला शांतता बहाल करतो आहे असे शिल्प होते आणि माथ्यावर जळणारा सूर्य. अर्थ उघड आहे: शांतता दोन थकलेल्या पक्षांनी मिळवलेली नाही, ती राजाची देणगी आहे. प्रत्यक्षात पाऊस आला आणि एक बाजू पेटून खाक झाली. चित्रांत मात्र सारे नीटनेटके. ते साहजिकच, कारण त्यांतली काही कार्यक्रमाच्या आधीच छापून विक्रीला आली होती.

या तहाचा आपल्याशीही संबंध आहे. फ्रेंचांनी 1746 मध्ये घेतलेले मद्रास त्यानेच इंग्रजांना परत मिळाले. पण कर्नाटकात शांतता आलीच नाही. इंग्रज आणि फ्रेंच ईस्ट इंडिया कंपन्या स्थानिक वारसांच्या भांडणात उतरून लढत राहिल्या आणि 1751 मध्ये अर्काटला वेढ्यात अडकलेल्या इंग्रज कंपनीच्या क्लाइव्हच्या मदतीला मराठा सरदार मुरारराव घोरपडे धावले. लंडनच्या चित्रात यातले काही येणे शक्यच नव्हते.

नेपोलियनच्या पाडावानंतरच्या तहासाठी 1 ऑगस्ट 1814 ला ग्रीन पार्कमध्ये 1749 च्या सोहळ्याहून चतुर खेळ झाला. धुराआड एक किल्ला नाहीसा झाला आणि त्याजागी ‘ऐक्याचे मंदिर’ प्रकटले. कल्पना देखणी खरी. पण पुढच्याच वर्षी वॉटर्लूची लढाई झाली आणि चौथ्या वर्षी पेशवाई बुडाली.

अशा चित्रांत घडलेले कमी आणि राज्यकर्त्याने मिरवलेले जास्त असते. ती त्या नजरेनेच पाहावीत. कवठे एकंदच्या दारूकामाची नोंद कुणी करणार असेल, तर या चित्रांनी जे गाळले ते तिच्यात यावे: दारू भरणाऱ्यांची नावे, त्यांच्या कामाच्या रीती आणि झालेले अपघातही.