रूपसीची धावपट्टी आणि चौथ्या वर्षाचा प्रश्न

पश्चिम आसाममध्ये धुबरी शहराजवळ रूपसी नावाचा एक छोटा विमानतळ आहे. देशाच्या हवाई नकाशावर त्याचे स्थान नगण्य असले, तरी ग्रामीण भागातील विमानसेवेपुढचा मूळ प्रश्न त्याच्या इतिहासातून स्पष्ट होतो.

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला आणि ईशान्य भारत युद्धाची आघाडी बनला. दोस्त राष्ट्रांच्या फौजांना शस्त्रास्त्रे, दारूगोळा व मनुष्यबळ पुरविण्यासाठी ब्रिटिशांनी रूपसीची धावपट्टी बांधली. युद्ध संपले आणि तिचे मूळ प्रयोजनही संपले. मात्र फाळणीमुळे कोलकात्याहून पूर्व बंगालमार्गे आसामला जाणारे जुने रेल्वेमार्ग तुटले. भारतीय हद्दीतून आसामला जोडणारा नवा लोहमार्ग १९५० मध्ये सुरू झाला, तरी या भागाचे दुरावलेपण पुरते सरले नाही. इंडियन एअरलाइन्स व काही खासगी कंपन्यांची विमाने १९८३ पर्यंत रूपसीला येत होती. त्यानंतर विमानतळ ओस पडला.

खेड्यापाड्यांना विमानसेवेशी जोडण्याचा प्रयत्न तेव्हाही झाला होता. ईशान्य भारत डोळ्यांपुढे ठेवून १९८१ मध्ये 'वायुदूत' ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तोट्याच्या ओझ्याखाली ती टिकू शकली नाही आणि १९९० च्या दशकात इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली.

रूपसीचे पुनरुज्जीवन झाले ते केंद्र सरकारच्या 'उडान' योजनेतून. ८ मे २०२१ रोजी गुवाहाटी-रूपसी-कोलकाता अशी सेवा सुरू झाली. ज्यांना विमान पकडण्यासाठी दोनशे किलोमीटरहून अधिक अंतर कापून गुवाहाटी गाठावे लागे, त्यांच्यासाठी ही मोठीच सोय होती.

२०१६ मध्ये जाहीर झालेल्या या योजनेत विमानातील काही जागांचे भाडे मर्यादित ठेवले जाते. त्यामुळे कंपनीला येणारी तूट केंद्र व राज्य सरकारे मिळून भरून काढतात. केंद्राच्या वाट्यासाठी मोठ्या मार्गांवरील विमानांवर आकार बसविला जातो. ही मदत मात्र तीन वर्षांपुरतीच असते. तोवर प्रवासीसंख्या वाढेल आणि मार्ग स्वतःच्या बळावर चालेल, असे गृहीत धरलेले आहे.

हे गृहीतक कितपत खरे ठरले? नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार मंजूर ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच होऊ शकले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी केवळ ११२ मार्गांनी तीन वर्षे पूर्ण केली आणि मार्च २०२३ पर्यंत त्यांतील अवघे ५४ तग धरून होते. महाराष्ट्रालाही हा अनुभव नवा नाही. सिंधुदुर्गातील चिपी विमानतळावरून ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेली मुंबईची सेवा तीन वर्षांची मुदत भरताच, ऑक्टोबर २०२४ मध्ये खंडित झाली.

याचा अर्थ योजना व्यर्थ गेली असा नव्हे. परंतु धावपट्टी दुरुस्त करणे हा एकदाच करावयाचा खर्च आहे. तिच्यावर रोज विमान उतरविणे हा कायमचा खर्च आहे. पहिल्याचे उद्घाटन होते, दुसऱ्याची तरतूद होत नाही. जेथे रेल्वे व रस्ता पुरेसा आहे, तेथे मार्ग बाजाराच्या कसोटीवर टिको वा बंद पडो. जेथे पूर, नदी किंवा डोंगर यांमुळे वाहतुकीला दुसरा पर्यायच नाही, तेथे विमानसेवा ही एस. टी. गाडीप्रमाणे लोकसेवा मानून दीर्घ मुदतीची मदत द्यावी लागेल.

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात 'उडान' योजनेच्या सुधारित स्वरूपात दहा वर्षांत १२० नवी ठिकाणे जोडण्याची घोषणा झाली. या ठिकाणांची निवड करतानाच दोन्ही प्रकार वेगळे केले आणि चौथ्या वर्षाचा भार कोण उचलणार हे आधी ठरविले, तरच रूपसीच्या इतिहासापासून आपण काही शिकलो असे म्हणता येईल.