ओळख देणाऱ्याची सही

‘मी कोण?’ हा प्रश्न थोरामोठ्यांना पडतो तो डोंगरावर, नदीकाठी, निदान पिंपळाखाली. मला तो पडतो बँकेच्या काउंटरवर, आणि तोही दुसऱ्यांबद्दल. ‘तुम्ही कोण? पुरावा काय?’ असे विचारण्याचाच मला पगार मिळतो. वीस वर्षे भंडारा जिल्ह्यात हे काम केल्यावर या विषयावर बोलण्याचा अधिकार मला आला आहे, असे माझे मत आहे. हिचे मत वेगळे आहे. पण ते आमच्या घरात वेगळेच असते.

परवा नागपूरहून भाचा आला. मानसशास्त्र शिकतो. माझ्यापुढे कोरा कागद ठेवून म्हणाला, “मामा, ‘मी कोण आहे?’ याची वीस उत्तरं लिहा.” ही परीक्षा कून आणि मॅकपार्टलँड या अमेरिकन पंडितांनी १९५४ साली काढली म्हणे. मी भराभर लिहिले : अमक्यांचा मुलगा, तमकीचा नवरा, तुझा मामा, बँकेतला कारकून, पतसंस्थेचा थकलेला सभासद... अकराव्या उत्तराला पेन अडले. भाचा मात्र खूश!

“बघा! अमेरिकन माणूस लिहितो, मी लाजाळू, मी महत्त्वाकांक्षी. तुम्ही नाती लिहिली. मार्कस आणि कितायामा यांनी १९९१ साली हेच मांडलं. पाश्चात्त्यांचा ‘मी’ सुटा, आपला गुंतलेला.”

आता माझे शेजारी सहा इंच भिंतीसाठी सख्ख्या भावाशी अकरा वर्षे कोर्टात भांडताहेत. त्यांचा ‘मी’ नेमका कुठे गुंतला आहे? जगाची अशी जमा-नावे दोन बाजूंत वाटणी करायला मजा येते. ताळेबंद मात्र जुळत नाही.

तत्त्वज्ञांकडे जावे तर तिथे वेगळाच घोळ. ह्यूम नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने १७३९ साली लिहून ठेवले, की मी आत डोकावलो तर ऊन, गारवा, राग, लोभ सगळे सापडले. ‘मी’ काही सापडला नाही. आम्ही बी.कॉम.वाले याला म्हणू, नोंदी भरपूर, खातेदार बेपत्ता! बौद्ध विचाराने हे फार पूर्वीच सांगितले होते. नागसेनाने मिलिंद राजाला विचारले, चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? आमच्या पवनीला १९६९-७०च्या उत्खननात दोन हजार वर्षांहून जुना स्तूप निघाला. म्हणजे अनात्मवाद या जिल्ह्यात बँकेच्या कितीतरी आधी पोचला होता. उलट वेदान्ती म्हणतो, नोंदी सगळ्या खोट्या, खातेदार तेवढा खरा. दोन्हीकडचा हिशेब आपापल्या परीने चोख. पण यातल्या कुठल्याही ‘मी’ला काउंटरवरून पैसे देता येत नाहीत.

पैसे देते यंत्र. त्याचे तत्त्वज्ञान सगळ्यांत सोपे : अंगठा जुळला तर तू तू, नाही तर तू नाहीस.

एक आजी दर महिन्याला निराधार योजनेचे पैसे घ्यायला यायची. जन्मभर विड्या वळल्या. तेंदूच्या पानांनी आणि वयाने बोटांवरच्या रेषाच पुसून टाकलेल्या. यंत्र ‘नाही’ म्हणाले.

“मीच आहो ना बाबू! दुसरी कोन राहीन?”

रांगेतले चार जण म्हणाले, “साहेब, आमच्या टोलीवरची आजी होय ही.” मीही तिला ओळखत होतो. पण मी म्हणालो, “उद्या या.” दुसऱ्या दिवशीही तेच म्हणालो. तिसऱ्या दिवशी आजी शेजारणीला हाताला धरून घेऊन आली. “बाबू, हे मले चाळीस वर्षांपासून ओळखते. हिचा अंगठा लाव!”

मी हसलो. रांगही हसली. मग माझ्या ध्यानात आले, की हसण्यासारखे त्यात काहीच नव्हते. मी नोकरीला लागलो तेव्हा खाते उघडण्याच्या अर्जावर एक रकाना असे, ‘ओळख देणारा’. दुसऱ्या खातेदाराने सही करायची, की या माणसाला मी ओळखतो. विल्यम जेम्सने १८९० साली लिहिले, की माणसाला जितके लोक ओळखतात तितके त्याचे सामाजिक ‘मी’ असतात. त्याच्या जाडजूड ग्रंथातले हे शहाणपण आमच्या एका रकान्यात बसले होते, आणि आजीने ते दोन्हींपैकी काहीही न वाचता सांगितले.

त्या रकान्याची आरती करायला मी बसलेलो नाही. एका चहावर सही ठोकणारे ओळखदार मी पाहिले आहेत. आणि २०१० साली नंदुरबारच्या टेंभलीतून आधार सुरू झाले, तेव्हा ज्यांच्याजवळ नावाचा एक कागद नव्हता त्यांना कागद मिळाला, हेही खरे. यंत्र नको असे माझे म्हणणे नाही. यंत्राचे ‘हो’ जरूर घ्यावे. त्याचे ‘नाही’ मात्र शेवटचे समजू नये. अंगठा जुळला नाही तर दुसरी वाट ठेवा, असे नियमही सांगतात. फक्त त्या वाटेने जायला कुणाला तरी खुर्चीतून उठावे लागते. माणसाचा ‘मी’ हरवतो तो तत्त्वज्ञानात नव्हे. त्याला ओळखणारा माणूस खुर्चीत बसून राहतो तेव्हा.

त्या दिवशी मी उठलो. साहेबांच्या टेबलाशी गेलो, रजिस्टर काढले, ओळख पटल्याची नोंद करून सही केली. आजीला पैसे मिळाले. सगळ्याला बारा मिनिटे लागली. दोन दिवस मला ती सापडली नव्हती.

भाच्याचा कागद मी पुन्हा मागून घेतला आणि बारावे उत्तर लिहिले : ‘आजीला ओळखत असूनही दोनदा “उद्या या” म्हणणारा.’

भाचा गोंधळला. “मामा, हे नातं नाही, स्वभावही नाही. हे कुठं धरायचं?”

“थकबाकीत धर,” मी म्हणालो.