कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठाचें दार

परीक्षेविषयीं आपल्या लोकांच्या मनांत एक कल्पना पिढ्यान्‌पिढ्या घट्ट बसली आहे. ती अशी कीं, वर्ष कसेंहि जावो, अखेरच्या तीन तासांत ज्यानें बाजी मारली तो जिंकला. शितावरून भाताची परीक्षा, म्हणजेच शास्त्रकारांचा स्थालीपुलाकन्याय, हा आपल्या शिक्षणाचा जणूं मूलमंत्रच होऊन बसला आहे. हीच कल्पना उराशीं धरून आमचे कित्येक वाचक अमेरिकेंतील नातवंडांच्या विद्यापीठप्रवेशाची काळजी वाहत असतात. पुण्याच्या एका वाचकांनीं आम्हांस लिहिलें आहे कीं, "सॅन होजे येथें आमचा नातू अकरावींत आहे. त्यास कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांत जावयाचें आहे. चिरंजीवांनीं एक सल्लागार गांठला असून तो भरपूर द्रव्य घेऊन प्रवेशाचे निबंध लिहून देण्यास तयार आहे. सूनबाईंस तें पसंत नाहीं. घरांत रोज वाद होतो. आपलें मत काय?" हा प्रश्न एका घरचा नसून अनेक घरांचा आहे, सबब त्याचें उत्तर येथें सविस्तर देत आहों.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, १८६८ सालीं स्थापन झालेल्या ह्या विद्यापीठाच्या आज दहा शाखा असून त्यांपैकीं नऊ ठिकाणीं पदवीचें शिक्षण मिळतें. बर्कली आणि लॉस अँजेलिस ह्या त्यांतील विशेष नांवाजलेल्या. एकट्या लॉस अँजेलिस येथें २०२३ सालीं शाळेंतून थेट येऊं इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांचे सुमारें १,४६,००० अर्ज आले आणि शेंकडा सुमारें नऊ जणांसच होकार मिळाला. पालकांचा जीव घाबरा व्हावा ह्यांत नवल नाहीं. तथापि निवड कशी होते हें नीट कळलें, तर भीतीची जागा उद्योग घेईल.

ह्या विद्यापीठानें शितावरून भाताची परीक्षा करणें सोडून दिलें आहे. 'सॅट' व 'ॲक्ट' ह्या परीक्षांची अट काढून टाकण्याचा ठराव त्याच्या नियामक मंडळानें मे २०२० मध्यें केला, आणि आतां प्रवेशाचा निर्णय करतांना ते गुण मुळींच पाहिले जात नाहींत. पाहिलें जातें तें चार वर्षांचें काम. नववीपासून बारावीपर्यंत पंधरा वार्षिक अभ्यासक्रम पुरे करावे लागतात: इंग्रजी चार, गणित तीन, इतिहास व समाजशास्त्र दोन, शास्त्र दोन, इंग्रजीखेरीज अन्य भाषा दोन, कला एक आणि ऐच्छिक एक. त्यांपैकीं अकरा बारावीपूर्वीं झालेले असावेत, आणि प्रत्येकांत निदान 'सी' श्रेणी हवी. सरासरी दहावी व अकरावीच्या श्रेणींवरून काढतात. राज्यांतील रहिवाशास ती निदान ३.० आणि बाहेरच्यास ३.४ लागते. हा केवळ उंबरठा होय. नांवाजलेल्या शाखांत प्रवेश मिळविणारांची सरासरी ह्याहून पुष्कळच वर असते.

ह्यावरून पालकांची तीन कर्तव्यें निघतात. पहिलें, नववीच्या आरंभींच शाळेंतील विद्यापीठमान्य विषयांची यादी पाहून चार वर्षांचा आराखडा मुलासह आंखावा. गणित चार वर्षें व शास्त्र तीन वर्षें घ्यावें, अशी विद्यापीठाचीच शिफारस आहे. दुसरें, झेपतील तितके अवघड वर्ग घेण्यास मुलानें कचरूं नये, असें त्यास धीर देऊन सांगावें. मान्य प्रगत वर्गांस सरासरींत जादा गुण मिळतात. मात्र ती सवलत एकंदर आठ सत्रांपुरतीच असल्यामुळें अशा वर्गांचा ढीग रचण्यांत अर्थ नाहीं. शिवाय मुलाची पारख त्याच्या शाळेंत कोणत्या संधि उपलब्ध होत्या हें पाहून करतात. म्हणून केवळ नामांकित शाळेच्या मोहानें बिऱ्हाड हलविण्याची घाई करूं नये. तिसरें, बारावींत मुलास सैल पडूं देऊं नये. मिळालेला प्रवेश सशर्त असतो, आणि श्रेणी फार घसरल्यास तो रद्दहि होतो.

आतां निबंधांकडे वळूं. विद्यापीठ आठ प्रश्न देतें. त्यांपैकीं आवडीचे चार निवडून प्रत्येकाचें उत्तर ३५० शब्दांच्या आंत लिहावयाचें असतें. पुढारीपण कोठें केलें, कोणती अडचण सोसली, कोणत्या विषयाची गोडी लागली, समाजाच्या उपयोगी कसे पडलांत, अशा धर्तीचे हे प्रश्न होत. येथें अलंकारिक भाषेचें काम नाहीं. काय केलें, कां केलें व त्यापासून काय उमगलें, हें साध्या शब्दांत सांगावयाचें. शिफारसपत्रें सामान्यतः मागवीत नाहींत. म्हणून मुलाच्या बाजूनें बोलणारा साक्षीदार तो स्वतःच. सल्लागाराकडून निबंध लिहून घेणें म्हणजे ह्या साक्षीदाराच्या जागीं तोतया उभा करणें होय. विद्यापीठ कांहीं अर्ज निवडून त्यांतील मजकुराची पडताळणी करतें, आणि लबाडी उघड झाल्यास प्रवेश जातो. परंतु पकडले जाण्याचें भय हें आमचें मुख्य कारण नव्हे. सतरा वर्षें जगलेल्या मुलास बापानें विकत घेतलेला निबंध दिला, म्हणजे 'तुझ्या आयुष्यांत ३५० शब्दांपुरतेंहि सांगण्याजोगें कांहीं नाहीं' असेंच त्यास सांगितल्यासारखें होतें. हा घाव कोणत्याहि पदवीनें भरून येत नाहीं. ह्या वादांत सूनबाईंचें म्हणणें सर्वथा योग्य आहे.

आपल्या घरांत सांगण्याजोगें नसतें असें नाहीं. आपणांस त्याची किंमत नसते. आजीस इस्पितळांत नेऊन डॉक्टरांचें इंग्रजी तिला मराठींत समजावून देणें, धाकट्या बहिणीस रोज शाळेंतून आणणें, सुटींत एखाद्या दुकानांत काम करणें, ह्या गोष्टी अर्जांत लिहितां येतात आणि त्या मोजल्याहि जातात. दहा मंडळांत नांव नोंदविण्यापेक्षां एकच काम तीन वर्षें निष्ठेनें केलेलें बरें. वडिलांनीं प्रश्न विचारावे, ऐकून घ्यावें, शुद्धलेखन तपासावें; लेखणी मात्र मुलाच्याच हातीं असावी.

बारावीच्या वर्षीं ऑगस्टमध्यें अर्ज भरावयास मिळतो, आणि तो ऑक्टोबरच्या प्रारंभापासून साधारण नोव्हेंबरअखेरपर्यंत धाडतां येतो. नेमकी तारीख त्या त्या वर्षीं विद्यापीठाच्याच पत्रकांत पाहावी. नऊहि शाखांसाठीं अर्ज एकच, फी मात्र शाखेगणिक. प्रत्येक शाखा आपला निर्णय स्वतंत्रपणें करते. म्हणून दोनच मोठ्या नांवांवर भिस्त न ठेवतां रिव्हरसाइड, सांताक्रूझ, किंवा २००५ सालीं उघडलेलें मर्सेड, ह्यांचाहि विचार करावा. संगणकशास्त्राकडे गर्दी फार. तेव्हां खरी आवड कोणत्या विषयाची, हें मुलास आधींच विचारावें.

इतकें करूनहि नकार आला तर? ह्या राज्यानें १९६० सालीं उच्च शिक्षणाची जी योजना आंखली, तींत दुसरें दार मुद्दाम ठेविलें आहे. कम्युनिटी कॉलेजांत दोन वर्षें उत्तम अभ्यास करून विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षांत जातां येतें. ठराविक अटी पुऱ्या करणारास सहा शाखा, कांहीं विषय वगळून, प्रवेशाची लेखी हमी देतात. बर्कली, लॉस अँजेलिस व सॅन डिएगो हमी देत नसल्या तरी ह्या वाटेनें येणारांस दरवर्षीं मोठ्या संख्येनें घेतात. खर्च बराच कमी होतो, आणि अखेरीस मिळणारी पदवी तीच. असें असतां आपल्या लोकांस त्या कॉलेजाचें नांव चारचौघांत घेण्याची लाज वाटते. ही लाज मुलाची नव्हे, वडीलधाऱ्यांची आहे, आणि ती त्यांनींच टाकावयास हवी. निकालाच्या दिवशीं आजोबांनीं फोनवर प्रथम 'कोणतें विद्यापीठ?' असें न विचारतां 'तूं कसा आहेस?' एवढें विचारलें, तर दोन्ही दारें मुलास सारख्याच मानाचीं दिसूं लागतील.