पेपरला बसताना खिशात साखर चालेल का?

गेल्या सेमिस्टरचा मीडिया लॉचा पेपर. पाऊण तास झाला असेल. माझ्या दोन बाक पुढे बसलेली मैत्रीण एकदम लिहायची थांबली. हात थरथरत होता, मान घामाने भिजलेली. तिने कंपासपेटीतून ग्लुकोजची पुडी काढली, तेवढ्यात सुपरव्हायझर सर आले आणि पुडी उचलून टेबलावर ठेवली. ‘खायचं काही हॉलमध्ये चालत नाही.’ ती सांगायचा प्रयत्न करत होती, पण शुगर उतरली की शब्दच नीट जुळत नाहीत. शेवटी शिपाईकाकांनी ओळखलं, त्यांच्या घरात शुगरचा पेशंट आहे म्हणून. पुडी परत मिळाली, पण वीस मिनिटं गेली ती गेलीच. त्या पेपरात तिला केटी लागली.

हे तिला विचारूनच लिहितेय. नाव मात्र नको म्हणाली.

तिला टाइप वन डायबेटिस आहे, अकराव्या वर्षापासून. यात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. गोड जास्त खाल्ल्यामुळे होत नाही, कारल्याच्या रसाने जात नाही, गोळ्यांवर भागत नाही. रोज इन्सुलिन घ्यावंच लागतं, तिला दिवसातून चार वेळा. १९२२ साली टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन दिलं गेलं. त्याआधी या आजाराचं निदान म्हणजे थोड्या दिवसांची सोबत, इतकंच. म्हणजे जगवणारं औषध मिळून शंभर वर्षं झाली. आणि आम्ही अजून कंपासपेटीतल्या पुडीवर अडलोय.

पण सगळा दोष सरांवर ढकलून मला मोकळं होता येणार नाही. पहिलं वर्षभर आमचा ग्रुप समजायचा की ही शिष्ट आहे. कॅन्टीनमध्ये वडापाव आला की ही गायब! नंतर कळलं, ती लेडीज टॉयलेटमध्ये उभी राहून पोटात इंजेक्शन घ्यायची. एकदा आमच्यासमोर पेन काढलं होतं, तर एकजण म्हणाला, ‘ए, हे काय जेवताना?’ त्यानंतर नाहीच. फेस्टच्या दिवशी ‘दहा मिनिटांत पिझ्झा येतोय’ असं मीच तिला सांगितलं. तिने त्या हिशेबाने इन्सुलिन घेतलं. पिझ्झा आला तासाभराने. तोवर ती पायरीवर बसून थरथरतेय आणि आम्ही विचारतोय, पित्त झालंय का?

आता मला पाठ आहे. शुगर सत्तरच्या खाली गेली की पंधरा ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, म्हणजे साधारण तीन चमचे, पाण्यात घालून लगेच द्यायची. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट हॉस्पिटल. एवढंच तर आहे! एनएसएसच्या कॅम्पमध्ये आम्हाला साप चावल्यावर काय करायचं ते शिकवलं, हे कुणी शिकवलं नाही.

बाकीचे प्रश्न पैशांचे आहेत आणि ते मोठे आहेत. दंडाला लावायचा सेन्सर बोट न टोचता शुगर दाखवतो, पण चौदा दिवसांच्या एका सेन्सरला काही हजार रुपये लागतात. ती फक्त परीक्षेच्या पंधरवड्यात लावते. हॉस्टेलच्या फ्रिजमध्ये इन्सुलिन ठेवायचं तर रेक्टर मॅडमची परवानगी, आणि वर ‘ही कुठली इंजेक्शनं?’ असा चेहरा. गावी उन्हाळ्यात लाइट गेली की तिची आई घट्ट झाकणाच्या डबीत इन्सुलिन घालून ती माठाच्या पाण्यात सोडते. कॉलेजकडून सेन्सरचे पैसे कुणी मागत नाहीये.

मागणं आहे हॉल तिकिटामागच्या सूचनांमध्ये एका ओळीचं. सीबीएसईने २०१७ मध्येच परिपत्रक काढून टाइप वन असलेल्या दहावी-बारावीच्या मुलांना शुगरच्या गोळ्या, चॉकलेट, फळ, सँडविच, पाण्याची छोटी बाटली परीक्षेला न्यायची मुभा दिली. मग कॉलेजात आल्यावर स्वादुपिंड पुन्हा सुरू होतं का?

आम्ही दोघी परीक्षा विभागात अर्ज घेऊन गेलो. खिडकीतून विचारलं, ‘दिव्यांग सर्टिफिकेट आहे का?’ नाही, कारण २०१६ च्या कायद्यातल्या एकवीस प्रकारांत टाइप वन डायबेटिस बसत नाही. ‘मग कुठल्या नियमाखाली घेऊ?’ त्या क्लार्क मॅडम वाईट नव्हत्या, त्यांना खरंच कळत नव्हतं. मागे रांगेत आमच्याच वर्गातली मुलं उभी होती आणि सर्टिफिकेटचं बोलणं ऐकत होती. मैत्रिणीने अर्ज घडी करून पर्समध्ये टाकला. हिच्या लग्नाचं कसं होणार म्हणून घरच्यांनी नातेवाइकांतसुद्धा कुणाला सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तोच अर्ज मी पुन्हा नेला, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. या वेळी खाली वर्गातल्या एकतीस जणांच्या सह्या होत्या. त्यात त्या ‘हे काय जेवताना’वाल्याचीही आहे. सह्या घ्यायला तिनेच सांगितलं, म्हणजे आता एकतीस जणांना माहीत आहे. अर्जावर आवक क्रमांक पडलाय. केटीचा पेपर पुढच्या महिन्यात आहे.