घराची परवानगी सोपी झाली, पण प्लॉटचं काय?

अकोला : पोरांच्या शिक्षणासाठी, नाहीतर म्हातारपणी दवाखाना जवळ असावा म्हणून तेल्हारा, पातूर, बार्शीटाकळीकडचे शेतकरी अकोल्यात एखादा प्लॉट घेऊन ठेवतात. कापूस-सोयाबीनच्या दोन-चार हंगामांचा पैसा त्यात जातो. पुढे घर बांधायची वेळ येते आणि महानगरपालिकेच्या नगररचना विभागाची पायरी चढावी लागते. तिथं फाइल अडली की लोक साहेबाला दोष देतात. पण बऱ्याच वेळा ती फाइल प्लॉट घेतला त्याच दिवशी अडलेली असते.

नियम पाहिले तर लहान घरासाठी ते आता बरेच सोपे आहेत. डिसेंबर २०२० मध्ये राज्यात एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिच्यानुसार १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर घर बांधायचं असेल तर परवानगीची वाट पाहत बसावं लागत नाही. परवानाधारक इंजिनिअर किंवा आर्किटेक्टनं नकाशा नियमात असल्याचा दाखला द्यायचा, कागद दाखल करायचे, शुल्क भरायचं. मिळालेली पोच हीच परवानगी. १५० ते ३०० चौरस मीटरसाठी दहा दिवसांत परवानगी देण्याची तरतूद आहे.

इथं आपला गुंठ्याचा हिशोब फसवतो. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. पुरा दीड गुंठा भरला १५१ चौरस मीटरच्या वर. म्हणजे दीड गुंठेवाला थोडक्यात पहिल्या सवलतीतून बाहेर पडतो. त्यामुळे तोंडी सांगितलेल्या मापावर न जाता मोजणीचा नकाशा पाहिलेला बरा.

पण ही सगळी सवलत ज्याचा प्लॉट कायदेशीर आहे त्याच्यासाठी. जमीन बिगरशेती झालेली पाहिजे, लेआऊट मंजूर पाहिजे, रस्ता आणि मोकळी जागा त्या लेआऊटमध्ये दाखवलेली पाहिजे. वावराचे तुकडे करून, चुन्याच्या रेघा मारून विकलेल्या प्लॉटवर हे काहीच नसतं. खरेदीखत झालं म्हणजे जागा नावावर झाली, एवढाच त्याचा अर्थ. त्यावर बांधता येईल का, हे खरेदीखत सांगत नाही.

२०१६ मध्ये अकोला महापालिकेची हद्द वाढली आणि आजूबाजूची २४ गावं शहरात आली. मलकापूर, खडकी, उमरी, शिवणी, गुडधी ही त्यातलीच. तिथल्या पुष्कळ लोकांकडे जुना ग्रामपंचायतीचा नमुना आठ आहे, घरटॅक्सच्या पावत्या आहेत. लोकांना वाटतं, टॅक्स घेतात म्हणजे घर पक्कं झालं. तसं नाही. महापालिका अनधिकृत बांधकामावरही टॅक्स लावते, वरून टॅक्सच्या दुपटीपर्यंत शास्तीही लावता येते. आणि ती भरली म्हणून बांधकाम नियमित होत नाही, हेही कायद्यातच लिहिलेलं आहे.

अडकलेल्यांसाठी एक वाट आहे, गुंठेवारीची. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला नियमित होण्याची संधी मिळाली. त्यासाठी शुल्क भरावं लागतं. म्हणजे स्वस्त म्हणून घेतलेल्या प्लॉटचा उरलेला पैसा नंतर मोजावा लागतो. त्यानंतर तुकडे पाडून विकलेल्या प्लॉटला ही वाटही नाही. शिवाय मोर्णा नदीच्या काठचा, निळ्या पूररेषेच्या आतला प्लॉट असेल तर घर बांधताच येत नाही. जुलै २०२१ च्या पुरात नदीकाठच्या वस्त्यांनी पाणी घरात घुसलेलं पाहिलं आहे.

आता हे दुर्लक्ष करून चालणारं राहिलं नाही. १७ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं देशभरासाठी निर्देश दिले. बांधकाम पूर्णत्वाचा किंवा भोगवटा दाखला पाहूनच वीज, पाणी, मलनिस्सारणाची जोडणी द्यावी, आणि बँकांनीही तो दाखला तपासूनच इमारतीवर कर्ज द्यावं, असं त्यात आहे. म्हणजे उद्या घर उभं राहील, पण मीटर आणि कर्ज अडेल.

यात चूक एकट्या घेणाऱ्याची नाही. वावराचे तुकडे पाडणारा पैसे घेऊन मोकळा होतो, मधला दलाल कमिशन घेऊन जातो. रेघा आखल्या जात असताना यंत्रणा पाहत नाही, आणि नोटीस येते ती शेवटच्या माणसाच्या दारावर. अनधिकृत लेआऊट पडतानाच तिथं फलक लागला, सर्वे नंबरासहित यादी गावोगावच्या मोबाइलवर आली, तर कितीतरी जणांचा पैसा वाचेल. हे काम प्रशासनाचं आहे.

तोवर काळजी घ्यायची ती इसार देण्याआधीच. सातबारा किंवा मिळकत पत्रिका, बिगरशेती आदेश, मंजूर लेआऊटची प्रत, मोजणी नकाशा हे चार कागद मागावेत. लेआऊटची प्रत नगररचना विभागात नेऊन खरी आहे का ते विचारावं. विकास आराखड्यात त्या जागेवर आरक्षण किंवा रस्ता नाही ना, पूररेषा कुठून जाते, हेही तिथंच कळतं. मग आपल्या ओळखीच्या परवानाधारक इंजिनिअरला जागा दाखवावी. विकणारा कागद दाखवायला टाळाटाळ करत असेल, तर इसाराचा पैसा खिशातच राहू द्यावा.

बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो. प्लॉट तर आयुष्यात एकदाच घेतला जातो.